वच्छलाची निवडणी

खार किती वर्षं जगते, हे वच्छलानं विचारलं नाही असा माणूस आमच्या गल्लीत उरला नव्हता. मारुतीच्या देवळातल्या महाराजांना विचारलं. सिलिंडर आणून देणाऱ्याला विचारलं. पोलिओचे थेंब पाजायला आलेल्या नर्सबाईंना विचारलं. मला तर इतक्यांदा विचारलं की एकदा मी चिडून म्हटलं, "काहून वं, खारीले पेन्शन लावून देतं काय?"

"तसं नाई लीला. सांग ना. कोंडलेली जास्त जगत असंन का बाहेरची?"

"मले काय माहीत? मी का खार हाय?"

ती हसली नाही. माझ्या मांडीवरचं सूप तिनं ओढून घेतलं आणि तांदूळ निवडायला लागली. उभ्यानंच.

वच्छला आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. लग्न होऊन नागपुरात आली तेव्हापासून कळमन्याच्या बाजारात संत्र्याची निवडणी करायची. नवरा तिथंच हमाल होता, तो लवकर मेला. निवडणी म्हणजे काय, ते सांगते. गाडी रिकामी झाली की संत्र्यांचा ढीग जमिनीवर पडतो. बायका त्याच्याभोवती बसतात आणि एकेक फळ हातात घेऊन वेगळं करतात. मोठं, मधलं, बारीक, डागी, पोचट. दाबून पाहायचं नसतं, दाबलेलं फळ उद्या सडतं. नुसतं तळहातावर फिरवायचं. घट्ट असेल ते लांब जातं, दिल्लीकडं, बंगालकडं. पोचट म्हणजे साल फुगलेली आणि आत फोडी सैल. त्याला प्रवास सोसत नाही. ते इथल्याच हातगाड्यांवर खपतं.

बायका बसतात म्हटलं, पण वच्छला बसत नसे. ती वाकून ढिगाभोवती फिरत निवडायची. "बसलं ते सडलं," हे तिचं वाक्य. ढिगाच्या तळाला दबून राहिलेलं फळ आधी जातं, म्हणून ढीग हलवत राहावा लागतो. बाजारातला हा नियम तिनं सगळ्या दुनियेला लावला होता. चहा उभ्यानं प्यायची. जेवताना तीनदा उठायची. दाराची कडी लावून निघाली की चौकातून परत यायची, कडी हलवून पाहायची आणि पुन्हा पळायची. तिच्या पायात काय होतं देव जाणे. तिच्याशी बोलून माझीच मान दुखायची, कारण ती कधी या बाजूला असायची कधी त्या.

माझा नवरा गेला तेव्हा बायका भेटायला आल्या, भिंतीला टेकून बसल्या, रडल्या. वच्छला आली, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं बाहेर आली ती हातात दोन कांदे घेऊन.

"हे सडून राहिले होते वं तुह्या टोपलीत. बाकीचे घेऊन बसले असते."

सगळ्या बायका तिच्याकडं पाहत राहिल्या. मला मात्र त्या दिवसांत तेवढं एकच वाक्य कामाचं वाटलं. बाकीच्या म्हणत होत्या, देवाची मर्जी. कांदे तरी खरोखर सडले होते.

तिला दोन मुली. थोरली प्रमिला, धाकटी सुनंदा. सुनंदा लहान असताना तिला मोठा ताप आला आणि तापातून फीट आली. ताप गेला, फीट राहिली. महिन्या-दोन महिन्यांनी कधीतरी यायची, गोळ्या सुरू झाल्यावर वर्षातून एखाद्यावेळी. पण वच्छलानं त्या तापातच निवडणी करून टाकली. "मोठी घट्ट हाय, जाईन दूर. बारकी पोचट हाय, राहीन माह्यापाशी." पोरीसमोर म्हणायची. वाईट मनानं नाही. तिच्याजवळ तेवढेच शब्द होते.

प्रमिलाला सुरतेला दिलं. सुनंदाला दुसरीतूनच शाळेतून काढलं होतं. ती मोठी झाली, केसांत पांढरे आले, तरी फाटकाच्या बाहेर एकटी पडली नाही. नळावर आई सोबत. देवळात आई सोबत. तिला बाहेरच्या चपलाही नव्हत्या, कारण बाहेर जायचंच नव्हतं.

वच्छलाच्या अंगातली सगळी तडफड इथून होती. आपण गेल्यावर हिचं काय. दुसरं काही नाही. प्रमिलाचा नवरा बरा होता, पण सुरतेत एका खोलीत सहा माणसं होती. आईबाप देवाला मागतात की लेकराच्या आधी आम्हाला ने. वच्छला उलटं मागायची. मारुतीसमोर उभी राहून पुटपुटायची, "देवा, हिले माह्याआधी घेऊन जाय." आणि लगेच स्वतःच्या तोंडावर फाडकन चापट मारून घ्यायची. मी शेजारी उभी असायचे आणि घंटा वाजवायचे.

खारी आल्या त्या संत्र्याच्या गाडीतून. गाडीत खाली तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, टाकतात, त्यात घरटं निघालं. दोन पिल्लं, डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत, माणसाच्या अंगठ्याएवढी. आई कुठं राहिली होती कोण जाणे. हमाल म्हणाला, फेकून द्या. वच्छलानं पदरात बांधून घरी आणली. शेळीच्या दुधात पाणी घालून, कापसाची वात भिजवून पाजायची. घडीघडी पाजावं लागतं. वच्छला दिवसभर बाजारात. मग पाजलं कोणी? सुनंदानं. रात्री उठून पाजलं तेही तिनंच. पण गल्लीत सांगताना वच्छला म्हणायची, "मी जगवल्या." तिला खरोखर तसंच वाटायचं.

पिल्लांना केस आले, पाठीवर पट्टे आले, घरभर पळायला लागली. तेव्हा एके सकाळी वच्छलानं दोघींना तळहातावर घेतलं. एक डाव्या, एक उजव्या. जराशी फिरवली. मी भिंतीवरून पाहत होते.

"हे घट्टी," ती म्हणाली. "आन हे पोची."

"वच्छला, ते संत्रं नाई."

"हाताले समजते वं."

घट्टीला तिनं कोपऱ्यावरच्या कडुनिंबावर सोडलं. पोचीसाठी बाजारातलं एक जुनं कॅरेट आणलं, त्याला बारीक जाळी बांधली, दाराला तार लावली. झाला पिंजरा. तो मागच्या आंगणात पेरूच्या झाडाला टांगला. सुनंदा पाहत होती. ती फार बोलत नसे. बोलण्यापेक्षा पाहण्यात तिचा जीव.

घट्टी रोज भिंतीवर यायची, शेंगदाणे न्यायची. तिचा एक कान जरा चिरलेला होता म्हणून ओळखू यायची. चांगली माजली होती. मांजरीच्या डोक्यावरच्या फांदीवर उभी राहून चिरकायची. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. वच्छला सगळ्यांना दाखवायची, "पाहा, घट्ट माल. म्हटलं होतं का नाई?" तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात एक दिवस नळापाशी शेपटीचा तुकडा सापडला. बाकी काही नाही. मांजरीनं हिशेब पुरा केला होता.

त्या दिवशी वच्छलाचा चेहरा पाहण्यासारखा नव्हता. तिनं पिंजऱ्याच्या दाराला आणखी एक तार बांधली. दुसऱ्या दिवसापासून बाजारात जाताना घराला बाहेरून कुलूप लावायला लागली. आत सुनंदा.

मी म्हटलं, "वच्छला, आग लागली तर?"

"ते चूल पेटवत नाई. मी सकाळीच सारं करून ठेवते."

"तिले फीट आली तर?"

"बाहेर आली तर गाडीखाली जाईन. घरात आली तर गादीवर पडंन. सांग, कोठी बरं?"

उत्तर होतं, पण ते तिला ऐकायचं नव्हतं. भांडून उपयोग नाही अशा ठिकाणी मी तोंड उघडत नाही.

मग तिचं ते विचारणं सुरू झालं. किती जगते. कोंडलेली का बाहेरची. शेवटी एका रविवारी पिंजरा ऑटोत घालून ती गुरांच्या दवाखान्यात गेली. मला सोबत ओढलं. डॉक्टर तरुण होता, हसरा. तो म्हणाला, "बाहेरची खार दोन-तीन वर्षं जगली तरी खूप झालं, आजी. बरीच पिल्लं तर पहिल्याच वर्षात जातात. मांजर, कावळा, शिकरा, गाडी. घरात नीट ठेवली तर पाच-सहा वर्षं, कधी त्याहून जास्तही. पण पाळू नका बरं, कायद्यात बसत नाही."

"मी कोठी पाळली, बावा? ते राहून राहिली," वच्छला म्हणाली.

डॉक्टरनं पोचीचं तोंड उघडून पाहिलं. म्हणाला, "नवल आहे. पिंजऱ्यातल्या खारीचे दात वाढून वाकडे होतात, कुरतडायला काही मिळत नाही म्हणून. हिचे अगदी झाडावरच्या खारीसारखे आहेत."

"मी सुपारी देते तिले," वच्छला छाती काढून म्हणाली.

परत येताना ती ऑटोत बसलेली होती, कारण ऑटोत उभं राहता येत नाही. पण पाय हलत होते. "ऐकलं ना वं लीला? दुप्पट. कोंडली तर दुप्पट." सगळ्या रस्त्यानं तेच. मी बाहेर पाहत होते. मला त्या दातांचं कारण ठाऊक होतं.

आमच्या दोघींच्या आंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. माझ्या बाजूनं त्या भिंतीला मी एक लोखंडी स्टूल लावून ठेवलं होतं. वच्छलानं ते एकदा पाहिलं होतं. "हे कायले ठेवलं वं अठी?" मी म्हटलं, "पाय धुवाले." तिला खरं वाटलं. खोटं पचावं तर ते छोटं असावं.

मग तो दिवस आला. बाजारात एक मोठा अडत्या वारला, लिलाव बंद झाला, सगळ्यांना घरी पाठवलं. वच्छला दुपारीच गल्लीत आली. मी ओट्यावर होते. तिला पाहून मी उठले, पण तोवर तिनं कुलूप उघडलं होतं.

आतून काहीच आवाज आला नाही. मग एकदम मागच्या आंगणातून किंकाळी.

पिंजरा उघडा. पोची नाही. आतून लावायचं मोरीचं दार उघडं. सुनंदा नाही.

ती अनवाणी धावत बाहेर आली. पदर रस्त्यात लोळत होता. "माही पोरगी गेली वं! कोणी नेली वं!" नळाकडं पळाली, तिथून देवळाकडं, तिथून नाल्याकडं. नाल्यात वाकून पाहिलं. मी मागून पळत होते, या वयात, आणि ओरडत होते, "थांब ना वं! चक्कीवर हाय ते! चक्कीवर!" तिच्या कानात काही शिरत नव्हतं. शेवटी मी तिचा दंड धरला आणि वळवून गल्लीच्या टोकाशी नेलं.

तिथं शांताबाईची पिठाची चक्की आहे. पट्टा फिरत होता, घरघर चालू होती. सुनंदा डब्यांच्या रांगेमागं उभी होती. कपाळापासून कोपरापर्यंत पीठ. एका हातानं ज्वारीचा डबा पुढं सरकवत होती, दुसऱ्या हातानं गव्हातले खडे काढून टाकत होती. खाली पाहतसुद्धा नव्हती. शांताबाई काट्यावर डबे तोलत होती.

वच्छला उंबऱ्यात उभी राहिली. शांताबाईनं चक्की बंद केली.

"कव्हापासून?" वच्छलानं विचारलं.

सुनंदा म्हणाली, "पोची मोठी झाली तव्हापासून."

"पोची कोठी हाय?"

"पेरूवर. रोज सोडते मी तिले. येते ते संध्याकाळी."

"रोज?"

"हाव. तू गेली का ते बी जाते, मी बी जाते. तू घरी याच्या आधी दोघी येतो."

वच्छलानं हात उगारला. मारला नाही. उगारलेला हात कुठं ठेवावा ते तिला कळेना, शेवटी डब्याच्या झाकणावर ठेवला. शांताबाईकडं वळून म्हणाली, "हिले फीट येते. ठाऊक हाय का तुले?"

"ठाऊक नाई तर?" शांताबाई म्हणाली. ती विधवा बाई, चार पोरं वाढवलेली, तिला कोणाची भीती नाही. "दोनदा आली अठीच. कुशीवर वळवली, पट्ट्यापासून दूर ओढली, होऊ देलं. मंग पाणी देलं. उठली आन गहू चाळाले लागली. येवढं काय त्यात?"

"मले कोणी सांगतलं नाई."

"तू थांबते कोठी सांगाले?"

वच्छला तिथून सरळ माझ्या आंगणात आली, भिंतीपाशी गेली. स्टुलाकडं पाहिलं, त्यावर पिठाची पावलं उमटली होती. माझ्याकडं पाहिलं.

"पाय धुवाले," ती म्हणाली.

"हाव," मी म्हटलं. माफी मागायचं मला काही कारण दिसलं नाही. तिनंही मागितली नाही.

संध्याकाळी ती पिंजऱ्यासमोर उभी होती. सुनंदा आत भाकरी थापत होती. आपण कुलूप लावून ठेवतो त्या पोरीला चूल पेटवता येते, हेही तिला त्याच दिवशी कळलं. ऊन उतरलं. पेरूच्या फांदीवरून पोची खाली आली, थांबली, वच्छलाला पाहून शेपटी फुलवून चिरकली. मग स्वतःच्या पायानं पिंजऱ्यात शिरली, वाटीतला दाणा दोन्ही हातांत धरून फोडायला लागली. दार उघडंच होतं. वच्छला पुढं झाली. मला वाटलं, तार बांधते आता. तिनं तारा काढल्या, त्यांची गुंडाळी केली आणि कोनाड्यात ठेवली.

मग आत पाहून विचारलं, "वं सुनंदा. बाहेर जातांनी पायात काय घालतं?"

"तुह्या जुन्या चपला. मोरीमागच्या."

"त्याचा तं अंगठा तुटला हाय."

"सुतळी बांधली."

दुसऱ्या दिवशी वच्छला बाजारातून परतली ती चपलांचा नवा जोड घेऊन. तपकिरी, मागं पट्टा असलेला. माप बरोबर आणलं होतं. दारात ठेवला आणि पाणी भरायला निघून गेली. एवढंच. दुसरी बाई असती तर रडली असती, पोरीला जवळ घेतलं असतं, गल्ली गोळा झाली असती. वच्छलाला ते जमलं नसतं आणि सुनंदाला आवडलं नसतं.

कुलूप मात्र त्या दिवसापासून लागलं नाही. चौकातून परत येणं काही दिवस चालू राहिलं. ती यायची, दारापाशी थांबायची, हलवून पाहायला लावलेली कडी नसायची, मग जायची.

त्याच वर्षी हिवाळ्यात तिचा दम लागायला लागला. दवाखान्यात सांगितलं की हृदय कमजोर झालं आहे, आराम करा, बसून राहा. "बसून राहा म्हणते," ती मला म्हणाली, जणू डॉक्टरनं तिला शिवी दिली होती. दोन दिवस घरी राहिली. तिसऱ्या दिवशी सुनंदाला घेऊन कळमन्यात गेली. शांताबाई चिडली, तिचं चांगलं माणूस गेलं. वच्छला म्हणाली, "संत्र्याचा सीझन होऊ दे, मंग वापस देते." पोरगी आहे का घमेलं, देव जाणे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी वच्छला गेली. चुलीपाशी उभी असताना. प्रमिला सुरतेहून आली, तेरावं झालं, मग म्हणाली, "सुनंदे, चल माह्यासंग. अठी कोण हाय तुले?" सुनंदा म्हणाली, "जागा कोठी हाय तुह्या घरी? आन चक्कीवर कोण उभं राहीन?" प्रमिला रडली, पण मला वाटतं तिचं ओझंही उतरलं. पोची त्यानंतर पाऊस पडेपर्यंत यायची. मग एका संध्याकाळी आली नाही, पुढंही आली नाही. शेपटी सापडली नाही. सुनंदानं पिंजरा अजून टांगलेला ठेवला आहे, त्यात दाणे टाकते, कोणाच्यातरी पोटात जातात. डॉक्टरनं बाहेरच्या खारीचं सांगितलं होतं त्याहून पोची जास्तच जगली. पण ती पिंजऱ्यातली धरायची का बाहेरची, हे वच्छला असती तर तिनं पुन्हा गल्लीभर विचारलं असतं.

मला ती आठवते ती त्या शेवटच्या हिवाळ्यातली. मी घरच्यासाठी संत्री घ्यायला कळमन्यात गेले होते. धूळ, हमालांच्या आरोळ्या, मागं येणारे टेम्पो. ओळीनं ढीग. एका ढिगाभोवती बायका बसलेल्या, आणि त्यांच्या पाठीमागून एक जण वाकून फिरत होती, तपकिरी चपला घातलेली. क्षणभर मला वाटलं, वच्छलाच आहे. तसंच वाकणं, तसाच हात. फळ उचललं, तळहातावर फिरवलं, टाकलं, पुढचं. बसायला तिला कोणी सांगत होतं, तर म्हणाली, "नाई वं, उभ्यानं बरं पडते."

मी वच्छलाला शोधलं. ती दोन ढीग सोडून पलीकडं होती. पालथ्या कॅरेटवर, पाय लांब करून. हातात चहाचा ग्लास. चहा निवत होता आणि तिला घाई नव्हती. मी तिला इतकी वर्षं ओळखत होते, पण ती निवांत बसलेली कशी दिसते ते मला तेव्हा कळलं.

तिनं मला पाहिलं. नेहमीसारखं उठेल, माझ्या हातातलं काही ओढून निवडायला लागेल, म्हणून मी पिशवी मागं धरली. ती उठली नाही. जराशी सरकली, कॅरेटवर माझ्यापुरती जागा केली आणि हातानं झटकली.

"बस वं लीला," ती म्हणाली.